लोणची व मसाले

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

नोकरीत असताना साइट डायरी लिहायचो. पंप किती वाजता सुरू झाला, कोणत्या टाकीत किती पाणी चढलं, कोण गैरहजर. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं एवढंच लिहिलं. स्वतःचं कधी काही लिहिलं नाही. आता लिहितो आहे, कारण जिला सांगायचं ती राहिली नाही.

शोभा रथसप्तमीला गेली. सकाळी अंगणात सूर्यासाठी दूध उतू घालायची तयारी करत होती. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. परवा तेरावा झाला. पाहुणे काल गेले.

दहाव्या दिवसाचं लिहून ठेवायला हवं. राम घाटावर पिंड ठेवून आम्ही पावणेदोन तास बसलो. कावळा यायचा, कठड्यावर बसायचा, शिवायचा नाही. प्रत्येकाने काही ना काही बोलून पाहिलं. मंगला म्हणजे शोभाची धाकटी बहीण, माधव नगरला राहते. ती म्हणाली, “ताई, तुझ्या घराकडे मी बघेन.” माझा मुलगा आल्हाद म्हणाला, “आई, बाबांची काळजी करू नको.” काही झालं नाही. आमच्यामागे दुसरी मंडळी खोळंबली होती. मग मंगला हळूच म्हणाली, “भाऊजी, तिचा जीव मिनूत अडकलाय. तुम्ही बोला.” मी मोठ्याने म्हणालो, “शोभा, मिनूला मी कधी कशाला नाही म्हणणार नाही.” कावळा आला आणि शिवला. सगळ्यांनी हात जोडले.

मिनू माझ्या मागेच उभी होती.

मिनू म्हणजे मृण्मयी, माझी मुलगी. एकतीस वर्षांची आहे. टावर चौकातल्या फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम तयार करते. काम उत्तम करते. सहा वर्षांपूर्वी इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. मला त्यातलं एवढंच कळलं की राग आणि दुःख तिला आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त लागतं, आणि आपलं माणूस सोडून जाईल ही भीती तिला कायम असते. चार वर्षांपूर्वी तिने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचली. औषधं, डॉक्टर, समजूत, सगळं शोभा बघायची.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आल्हादला घरी येऊ नको म्हणून सांगितलं.

झालं असं. शोभा गेल्यापासून मिनू तिच्या मोबाइलवर फोन लावायची. मोबाइल शोभाच्या कपाटात, चार्जिंगला लावलेला. तो वाजायचा, मिनू ऐकायची आणि ठेवून द्यायची. दिवसातून दहा-बारा वेळा. मला त्रास व्हायचा, पण मी बोललो नाही. आल्हादला हे माहीत नव्हतं. नंबर त्याच्या नावावर होता. इंदूरला आपल्या घरी परतल्यावर त्याने तो बंद करून टाकला. बुधवारी मिनूने फोन लावला तर हा नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू आलं.

ती दीड दिवस जेवली नाही. म्हणाली, “दादाने आईला दुसऱ्यांदा मारलं. तो या घरात पाय ठेवणार नाही. बाबा, तुम्ही कावळ्यासमोर बोललात. आता निभवा.”

आल्हादला फोन केला. तो आधी हसला. “बाबा, सीधी बात आहे, सिम कार्ड होतं ते. मी माफी मागतो तिची. येऊ का आत्ता?”

“नको.”

“किती दिवस नको?”

मी म्हणालो, सध्या नको. तो म्हणाला, “ठीक आहे. ब्लड प्रेशरची गोळी घेता ना?” मी हो म्हणालो.

संध्याकाळी मिनूने माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली. म्हणाली, “या घरात एक तुम्हीच आहात माझे.” बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू?

२ मार्च, रविवार

मेतकुटाचं प्रमाण शोधायला शोभाच्या फडताळातलं एक पुस्तक काढलं. खाकी कव्हर, वर तिच्या अक्षरात ‘लोणची व मसाले, भाग १’. आत इंग्रजी पुस्तक निघालं. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्या कुटुंबांसाठी लिहिलेलं. भाग २ हिंदी आहे. भाग ३ पुन्हा इंग्रजी आणि फार जाड. शोभा बी.ए. होती, पण इंग्रजी पुस्तक तिच्या हातात मी कधी पाहिलं नव्हतं. अवघड शब्दांवर पेन्सिलने मराठी अर्थ लिहिले आहेत.

समासात तारखा आहेत. काही उतरवून घेतो.

“१२/६. दादाच्या लग्नाच्या फोटोंवरून. दीड तास. हे फिरायला गेले.”

“३/९. नोकरी सोडते म्हणाली. हे फिरायला.”

“२०/१. बशी फुटली. हे फिरायला. जेवायच्या वेळी आले.”

असं पुष्कळ ठिकाणी आहे. माझ्या फिरण्याची इतकी नोंद तिने का ठेवली कळत नाही. शुगरमुळे डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं होतं. त्यासाठी असेल.

मेतकूट राहिलंच.

६ मार्च, गुरुवार

पहिलं मासिक श्राद्ध. आल्हाद इंदूरहून थेट घाटावर आला. विधी झाल्यावर आम्ही दोघं पायऱ्यांवर बसून चहा प्यायलो. त्याने विचारलं, “घरी पाणी नीट येतंय?” मी म्हणालो, एक दिवसाआड. मग तो तिथूनच परत गेला. त्याची बायको मधुरा हिने डब्यात गुळाच्या पोळ्या पाठवल्या होत्या. मिनू विचारेल म्हणून डबा मी घाटावरच्या एका म्हातारीला दिला.

२० मार्च, गुरुवार

पुस्तक क्रमाने वाचतो आहे. मशीनबरोबर येणारी पुस्तिका वाचायची सवय आहे मला. हे तसं अवघड नाही. समोरचा माणूस भडकलेला असताना त्याचं बोलणं खोडायचं नाही, त्याला जे वाटतं आहे ते आधी ओळखून बोलून दाखवायचं, असं पाचव्या प्रकरणात आहे. नमुन्याची वाक्यं दिली आहेत. त्यातली चार मी मराठीत करून चिठ्ठीवर लिहिली आणि खिशात ठेवली.

काल रंगपंचमी होती. बाहेर गेरचे, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीचे, ढोल चालले होते. आम्ही या वर्षी रंग खेळणार नव्हतो. स्टुडिओच्या मालकाने मिनूच्या अल्बमचं श्रेय दुसऱ्याला दिलं म्हणून ती दुपारी घरी येऊन पर्स आपटत होती. मी चिठ्ठी आठवून म्हणालो, “तुला आत्ता फार अपमानित वाटत आहे आणि ते स्वाभाविक आहे.”

ती थांबली. “बाबा, हे काय?”

“काय म्हणजे?”

“अहो, नगर निगमची सूचना वाटते. नागरिकांनी पाणी उकळून प्यावे.” आणि हसत सुटली. मग हसता हसता रडायला लागली. म्हणाली, “आईपण असंच म्हणायची. पण तिला यायचं.”

तरी पर्स आपटणं थांबलं होतं. म्हणजे पद्धत बरोबर आहे. सराव पाहिजे.

१३ एप्रिल, रविवार

सातवं प्रकरण मर्यादांबद्दल आहे. कुठे आणि कसं नाही म्हणायचं. ते मी सोडून पुढे गेलो. मी शब्द देऊन बसलो आहे, ते वाचून काय करू?

मिनू म्हणाली, मंगलामावशी फोनवर तिच्याबद्दल खोदून विचारते, तिच्याशी बोलू नका. मी बरं म्हणालो. गेल्या आठवड्यात म्हणाली, पेन्शनर मंडळाच्या बैठकीला जाऊ नका, घरात एकटं नको वाटतं. बरं म्हणालो. घरात शांतता आहे. पण ती बरी दिसत नाही. झोप नाही, डोळे ओढलेले. मी सगळं ऐकतो, तरी ती दिवसातून तीनदा विचारते, “बाबा, तुम्ही कंटाळला नाहीत ना मला?” मी नाही म्हणतो. तासाभराने पुन्हा विचारते.

पाण्याचा दाब सारखा वाढवत नेला तर लाइन फुटते हे मला कळतं. इथे काय चुकतंय ते कळत नाही.

११ मे, रविवार

आज माझ्याकडून वाईट झालं.

मंगला सकाळी न सांगता आली. कैऱ्यांची पिशवी घेऊन, उन्हातून, रिक्षाने. मिनूने दार उघडलं आणि म्हणाली, “बाबा घरी नाहीत.” मी आतल्या खोलीत होतो. मंगला म्हणाली, “चप्पल तर बाहेर आहे गं त्यांची.” मिनू म्हणाली, “दुसरी घालून गेलेत.” मी ऐकत होतो. बाहेर आलो नाही. कैऱ्या दाराशी ठेवून मंगला गेली.

दुपारी मिनू स्टुडिओत गेल्यावर मीच फोन केला. माफी मागितली.

ती म्हणाली, “भाऊजी, माझं राहू द्या. पण पोरीला तुम्ही खोटं बोलायला लावलंत. ताई असती तर तिने बजावलं असतं.”

“मी शब्द दिलाय, मंगला. तूच बोला म्हणालीस.”

“बोला म्हणाले मी, काहीच्या काही बोला नाही म्हणाले! ताईने तिला किती वेळा नाही म्हटलंय, माहीत आहे तुम्हाला?”

“माझ्यासमोर कधी नाही.”

“तुम्ही असायचात कुठे समोर? आवाज चढला की तुमची काठी आणि टोपी. ताई म्हणायची, यांची पावलं फाटकाबाहेर गेली की मिनू आणखी चवताळते.”

मी फोन ठेवला. मग पहिला भाग काढून, सातवं प्रकरण सोडून, समासातल्या नोंदी पुन्हा वाचल्या. बाकी सगळ्या, तारखेप्रमाणे. एकोणतीस ठिकाणी “हे फिरायला” आहे. शुगरसाठी नव्हतं ते.

एका ठिकाणी तिने लिहून खोडलं आहे. उजेडात धरलं तर वाचता येतं. “आज हे थांबले असते तर.”

१२ मे, सोमवार

काही सुचलं नाही. कैऱ्या चिरून मीठ-हळद लावून ठेवल्या.

१४ मे, बुधवार

सातवं प्रकरण वाचलं. शोभाची सगळ्यात जास्त पेन्सिल तिथे आहे. पुस्तकातल्यापेक्षा मला तिचंच उपयोगी वाटलं.

“१४/८. माझा फोन तपासू देणार नाही म्हटलं. दोन तास ओरडली. बसून राहिले. नंतर तिनेच चहा केला.”

“२/११. मंगलाशी बोलू नको म्हणाली. बोलणार म्हटलं. रात्रभर रुसली. सकाळी विचारते, मावशी काय म्हणाली?”

“१८/२. मरते म्हणाली. सरळ विचारलं, विचार येतोय का, कधीपासून. डॉक्टरांना तिच्यासमोर फोन. विचारल्याने विचार वाढत नाही (पान १४०).”

म्हणजे शोभा नाही म्हणत होती. आणि मी तिच्या नावाने काय कबूल करून बसलो?

२ जून, सोमवार

घाटावर श्राद्ध झालं. आल्हादने सांगितलं, त्याची बदली हैदराबादला झाली आहे. पंधरा जुलैला हजर व्हायचं. मग म्हणाला, “बाबा, जायच्या आधी एकदा घरी यायचंय. तासभर. आईच्या खोलीत बसायचंय. मिनूशी बोलणार पण नाही, ती नको म्हणाली तर.” चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या घरी यायला परवानगी मागत होता. मी सांगतो म्हणालो.

तो गेल्यावर गुरुजींना बाजूला घेऊन विचारलं, दिलेला शब्द परत घ्यायला काही विधी असतो का. ते घाटावरचेच, आमच्याशी हिंदीत बोलतात. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “बाबूजी, वचन माताजी को दिया था कि कौवे को?”

“माताजी को.”

“माताजी बिटिया को मना करती थीं?”

“करती थीं.”

“तो फिर जो वो खुद नहीं करती थीं, वो वचन उनको काहे का? कौवा तो भूखा था बाबूजी. दो घंटे से हम सब उसके सिर पर खड़े थे.” आणि ते पुढच्या यजमानाकडे गेले.

मला पूर्ण पटलं असं नाही. काही विधी सांगितला असता तर बरं झालं असतं.

१५ जून, रविवार

मिनूला अजून सांगितलं नाही. आज सांगणार होतो. सकाळपासून ती आनंदात होती, पोहे-जलेबी घेऊन आली, म्हणून राहिलं. गेल्या रविवारी ती उदास होती, म्हणून राहिलं होतं.

तिने पुन्हा जीव द्यायचा प्रयत्न केला तर? शोभा नाही. मी एकटा. हीच भीती आहे, दुसरं काही नाही. डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, सांगा, पण औषधं तुमच्या ताब्यात ठेवा, त्या दिवशी तिला एकटं सोडू नका, आणि वाटलं तर मला लगेच फोन करा. औषधाचा डबा माझ्या कपाटात हलवला आहे.

२७ जून, शुक्रवार

सांगितलं. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. तिला सुट्टी होती. चहा झाला होता. मी म्हणालो, “मिनू, रविवारी आल्हाद घरी येणार आहे. मी ये म्हणून सांगितलंय.”

तिने कप खाली ठेवला. “नाही येणार तो.”

“येणार आहे.”

“बाबा, तुम्ही शब्द दिला होता. आईला. सगळ्यांसमोर.”

“दिला होता. चुकीचा दिला. तो मला निभवता येणार नाही.”

मग सुरू झालं. सगळं लिहीत नाही. तुम्हालाही मी नकोच होते. दादा लाडका. आईच्या जागी तुम्ही जायला हवं होतं, हेही म्हणाली. कप फोडला. मी खुर्चीत बसलो होतो. चिठ्ठीतलं एकही वाक्य आठवलं नाही.

अकराच्या सुमारास ती म्हणाली, “काय, फिरायला नाही जायचं आज? जा ना. टोपी तिकडे आहे.”

“नाही जात.”

“का?”

“तुझ्या आईला मी एकोणतीस वेळा एकटं सोडून गेलो. तिने लिहून ठेवलंय.”

“लोणच्यांच्या पुस्तकात?”

“तुला माहीत आहे?”

“बाबा, आईने जन्मात कधी पुस्तक बघून लोणचं घातलं का? मी तिन्ही भाग वाचलेत. सातवं प्रकरण एकदम फालतू आहे.” मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “मी मेल्यावर कळेल तुम्हाला.”

हेच ऐकायला मी चार महिने घाबरत होतो. विचारलं, “मिनू, मरायचा विचार येतोय का? खरं सांग.”

“हे आईच विचारायची.”

“आता मी विचारतोय.”

“येतो. आई गेल्यापासून येतो. काही ठरवलेलं नाहीये.”

तिच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. ती स्वतः बोलली, पंधरा मिनिटं. आज संध्याकाळीच या म्हणाले. टॅक्सीने इंदूरला गेलो, आलो. औषध थोडं बदललं आहे, दर आठवड्याला भेटायचं ठरलं आहे. परतीच्या वाटेवर सांवेरच्या आसपास तिने विचारलं, “तरी पण तो येणारच?”

“येणार.”



२९ जून, रविवार

आल्हाद साडेअकराला आला. एकटाच. फाटकाशी थांबून त्याने मला फोन केला, “येऊ ना?” मी जाऊन दार उघडलं.

मिनू आपल्या खोलीत होती. दार लावलेलं, पण कडी घालायची नाही असं आमचं ठरलं होतं, आणि तिने घातली नव्हती. आल्हाद त्या दारासमोर क्षणभर उभा राहिला आणि पुढे गेला. शोभाच्या खोलीत पलंगावर बसला. उशीवरून हात फिरवला. मी दिवाणखान्यात बसलो, जिथून दोन्ही दारं दिसतात.

थोड्या वेळाने तो मोठ्याने रडायला लागला. घाटावरही तो असा रडला नव्हता. मी उठलो, तेवढ्यात मिनूच्या खोलीचं दार उघडलं. ती दारातच उभी राहिली, ऐकत. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मग तिने दार पुन्हा लावून घेतलं. आपटलं नाही.

तो पावणेदोनला गेला. जाताना बंद दाराकडे बघून म्हणाला, “मिनू, मला माहीत नव्हतं तू फोन लावतेस ते. माहीत असतं तर नसता बंद केला.” मधुराने दिलेला डबा त्याने टेबलावर ठेवला. या वेळी मी तो कोणाला दिला नाही.

चार वाजता मिनू बाहेर आली, समोर बसली.

“गेला?”

“गेला.”

“पुन्हा कधी?”

“बारा जुलैला. निघायच्या आधी. मधुराही येईल.”

“हे मला विचारून ठरवलं का?”

“नाही. सांगतोय.”

ती नखं कुरतडत राहिली. मला वाटलं आता पुन्हा सुरू होईल. तयारीने बसलो होतो.

“बारा तारखेला मला स्टुडिओत काम आहे,” ती म्हणाली. “मी घरात नसेन.”

“ठीक आहे.”

“किंवा असेन. पण बोलणार नाही.”

“ठीक आहे.”

“आणि तुम्ही?”

“मी घरातच असेन,” मी म्हणालो.

ती उठून टेबलाशी गेली, डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, “सकाळपासून काही खाल्लं नाहीत ना?”